वसाहतकाळाने दिलेली नावे आणि भिलाई परिसरातील कलावंतांचे उत्तर

भिलाई हे नाव घेताच पोलाद कारखाना, रेल्वेचे रूळ आणि सेक्टरांमध्ये आखलेले कामगारांचे नगर डोळ्यांसमोर येते. छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील या शहराची दुसरी ओळख मात्र तुलनेने कमी चर्चिली गेली आहे. भिलाई आणि तिच्या आसपासच्या प्रदेशातून गेल्या पन्नास-साठ वर्षांत असे कलावंत पुढे आले, ज्यांच्या कामातून वसाहतकाळात येथील माणसांना चिकटवलेल्या नावांचा फेरविचार झाला आहे.

जगभरातील समकालीन कलेत वसाहतवादाचा इतिहास, वंशभेद आणि सांस्कृतिक ओळख हे विषय आज मध्यवर्ती मानले जातात. या विषयांची चर्चा सहसा लंडन, न्यूयॉर्क किंवा जोहान्सबर्गच्या संदर्भात होते. प्रत्यक्षात, परक्या सत्तेने माणसांची मोजदाद कशी केली, त्यांना कोणत्या रकान्यात बसवले आणि त्याचे परिणाम स्वातंत्र्यानंतरही कसे टिकून राहिले, हे पाहण्यासाठी मध्य भारताइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. या प्रदेशाचा नागपूरशी, आणि पर्यायाने मराठी वाचकांशी, असलेला संबंधही जुना आहे.

नागपूरच्या संग्रहालयातील नकाशा

छत्तीसगड अठराव्या शतकापासून नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले यांचे निधन झाल्यावर इंग्रजांनी वारसाचा हक्क नाकारून हे राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली आणि नागपूर ही त्याची राजधानी ठरली. त्यानंतर दोन वर्षांनी, १८६३ मध्ये, नागपूरला मध्यवर्ती संग्रहालय उभे राहिले. नागपूरकर त्याला 'अजब बंगला' या नावाने ओळखतात.

भिलाईच्या इतिहासाचा एक धागा याच संग्रहालयापर्यंत जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी दोराबजी टाटा पोलाद कारखान्यासाठी लोहखनिजाच्या शोधात होते. नागपूरच्या या संग्रहालयात त्यांना मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा दिसला. त्यात दुर्गचा भाग गडद रंगाने दाखवला होता. लोहखनिजाची ती खूण होती. भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी या भागातील राजहराच्या डोंगरांची नोंद त्याआधीच केलेली होती. जवळपास योग्य प्रतीचा कोळसा नसल्याने टाटांनी तो विचार सोडला आणि पुढे जमशेदपूर उभे राहिले. अर्ध्या शतकानंतर त्याच डोंगरांतील खनिजाच्या आधारावर भिलाईचा कारखाना उभारण्यात आला.

ज्या शासनाने जमिनीचे असे नकाशे तयार केले, त्याच शासनाने माणसांचीही वर्गवारी केली. नागपूरमध्ये काम केलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचे मध्य प्रांतातील आदिवासी जमातींविषयीचे लेखन त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केले. त्याच सुमारास, १८६६-६७ मध्ये, जबलपूर येथे भरलेल्या प्रदर्शनात शेतमाल आणि यंत्रे यांच्याबरोबरच आदिवासी जमातींतील माणसेही आणण्यात आली. एका समितीने त्यांची पाहणी केली. समितीच्या छापील अहवालाच्या शीर्षकातच या माणसांचा उल्लेख 'नमुने' असा आहे. धान्याचे नमुने, दगडांचे नमुने, तसेच माणसांचे नमुने, अशी ती दृष्टी होती.

पुढील काळात ही दृष्टी अधिक पद्धतशीर झाली. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या लांबी-रुंदीच्या प्रमाणावरून वंश आणि जातींची श्रेणी ठरवण्याचा आग्रह धरला. १९१६ मध्ये आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अभ्यासकांना तो आजही उपयोगी पडतो. मात्र समाजांचे स्वभाव ठरावीक विशेषणांत बांधण्याची त्या काळातील सवय त्यातही दिसते.

वंशाच्या या सिद्धान्ताला आव्हान देणाऱ्यांत एका मराठी विदुषीचा समावेश होतो. इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली मानवी कवटीच्या दोन बाजूंतील फरकावर संशोधन केले. युरोपीय वंशांच्या श्रेष्ठत्वाला पुष्टी मिळेल, अशी तेथे अपेक्षा होती. कर्वे यांनी मात्र हा फरक वंशावर अवलंबून नसतो, असा निष्कर्ष काढला. पुढे फिशर यांचे नाव नाझी वंशविज्ञानाशी जोडले गेले, हे लक्षात घेता या निष्कर्षाचे मोल अधिक वाटते.

गुन्हेगार, जमात आणि कारागीर

वसाहतकाळातील तीन शिक्क्यांचा परिणाम या प्रदेशातील कलाजीवनावर विशेष झाला.

पहिला शिक्का गुन्हेगारीचा होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण समाजच्या समाज जन्मतः गुन्हेगार ठरवले. पारधी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनेक गटांना या कायद्याची झळ बसली. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला, तरी पोलिसांचा आणि गावाचा संशय संपला नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' या आत्मकथनांमुळे मराठी वाचकांना भटक्या-विमुक्तांचे हे वास्तव परिचित आहे.

दुसरा शिक्का 'आदिम'पणाचा होता. या समाजांना इतिहास नाही, ते काळाच्या बाहेर राहतात, अशी समजूत त्यातून रूढ झाली. त्यामुळे त्यांच्या कलेतील बदल, नवे प्रयोग किंवा एखाद्या कलावंताची स्वतंत्र शैली यांकडे दुर्लक्ष झाले.

तिसरा शिक्का कारागिरीचा होता. १८५७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टसारख्या संस्थांमधून युरोपीय पद्धतीचे चित्रण आणि शिल्पकला शिकवली जाऊ लागली. 'ललित कला' आणि 'हस्तकला' यांच्यातील सीमारेषा त्यातून ठळक झाली. ललित कलेला कलावंताची सही असते, तर हस्तकलेला केवळ गावाचे किंवा जमातीचे नाव असते. ललित कलाकृतीची किंमत कल्पनेवर ठरते, तर हस्तकलेची किंमत धातूच्या वजनावर आणि मजुरीच्या दिवसांवर ठरते. संग्रहालयांतील असंख्य पितळी मूर्तींखाली घडवणाऱ्याचे नाव आढळत नाही, त्याचे कारण या विभागणीत आहे.

पोलादनगरीतील विसंगती

स्वतंत्र भारताच्या दृष्टीने भिलाईचा कारखाना वसाहतवादाला दिलेले उत्तर होता. कच्चा माल बाहेर पाठवायचा आणि पक्का माल विकत घ्यायचा, ही जुनी रीत मोडण्यासाठी देशाला स्वतःचे पोलाद हवे होते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाबरोबर करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या सर्व भागांतून माणसे कामासाठी येथे आली. विदर्भातील अनेक मराठी कुटुंबेही भिलाईत स्थायिक झाली.

या यशोगाथेला एक दुसरी बाजू होती. मध्य भारतात पोलाद कारखान्यांपूर्वी कितीतरी काळ लोखंड गाळले जात होते. अगरिया समाजाचे लोक मातीच्या लहान भट्ट्यांत, कोळशाच्या आणि भात्याच्या साह्याने लोखंड तयार करत. व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द अगरिया' या ग्रंथात या व्यवसायाच्या ऱ्हासाची नोंद आहे. जंगलावरील निर्बंध, भट्ट्यांवरील कर आणि कारखान्यात बनलेले स्वस्त लोखंड यांपुढे त्यांचा टिकाव लागला नाही. भिलाईत आधुनिक लोखंडाचे युग सुरू झाले, तेव्हा लोखंड जाणणारे हे जुने हात त्या कथेत कोठेच नव्हते.

कारखान्यातील चांगल्या नोकऱ्या बाहेरून आलेल्यांना मिळतात आणि जमिनी मात्र आपल्या गेल्या, अशी भावना स्थानिक छत्तीसगढी समाजात वाढत गेली. आपली भाषा गावंढळ ठरते, याचाही सल होता. या भावनेला कलेतून वाट मिळाली. दुर्गजवळील बघेरा येथील रामचंद्र देशमुख यांनी १९७१ मध्ये 'चंदैनी गोंदा' हा कार्यक्रम रंगमंचावर आणला. छत्तीसगढी शेतकऱ्याचे जीवन, त्याची गाणी आणि त्याचे दुःख यांची गुंफण असलेल्या या कार्यक्रमाने प्रचंड गर्दी खेचली. लक्ष्मण मस्तुरिया यांची गीते आणि खुमानलाल साव यांचे संगीत घरोघरी पोहोचले. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले, पण या प्रदेशाची सांस्कृतिक अस्मिता त्याआधी तीन दशके रंगमंचावर साकार होत होती.

इतिहासाचा शोध कामगारांच्या चळवळीतूनही घेतला गेला. भिलाईच्या कारखान्याला खनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा येथे १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली खाण कामगारांची संघटना स्थापन झाली. वेतनाच्या प्रश्नाबरोबरच या चळवळीने सोनाखानचे जमीनदार वीर नारायण सिंह यांची स्मृती जागवली. १८५६ च्या दुष्काळात त्यांनी व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार उघडून लोकांना धान्य वाटले होते. डिसेंबर १८५७ मध्ये इंग्रजांनी त्यांना रायपूर येथे फाशी दिली. खाण कामगारांनी त्यांचा हुतात्मा दिन पाळण्यास सुरुवात केली आणि गाण्यांतून ही कथा वस्त्यांवस्त्यांत नेली. नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत हत्या झाली. आज नवा रायपूर येथील क्रिकेट मैदानाला नारायण सिंह यांचे नाव आहे. एकेकाळी सरकारी कागदपत्रांत बंडखोर म्हणून नोंदलेला माणूस राज्याचा नायक झाला, त्यामागे कामगारांनी पाळलेल्या या स्मृतीचाही वाटा आहे.

भाषा बदलली आणि नट मोकळे झाले

रायपूरमध्ये १९२३ साली जन्मलेले हबीब तनवीर यांनी लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट या संस्थेत शिक्षण घेतले. परतल्यावर त्यांनी छत्तीसगडमधील 'नाचा' या लोकनाट्यातील कलावंतांना सोबत घेऊन काम सुरू केले. मराठी प्रेक्षकांना तमाशाची आठवण करून देईल असा हा प्रकार आहे. रात्रभर चालणारी हजरजबाबी प्रहसने, गाणी आणि नाच ही त्याची वैशिष्ट्ये होत.

आरंभीच्या काळात तनवीर यांना अपेक्षित यश मिळत नव्हते. गावात रात्र गाजवणारे नट त्यांच्या नाटकात अवघडून उभे राहत. या अडचणीची दोन कारणे तनवीर यांनी शोधून काढली. नटांवर खडी बोली हिंदी लादली गेली होती आणि रंगमंचावर कोणी कोठून कोठे जायचे, हे इंग्रजी नाट्यशाळेच्या पद्धतीने आधीच आखले जात होते. सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी ही दोन्ही बंधने दूर केली. नट स्वतःच्या छत्तीसगढीत बोलू लागले आणि त्यांच्या हालचाली त्यांनीच ठरवल्या.

१९७५ मध्ये रंगमंचावर आलेले 'चरणदास चोर' हे या प्रयोगाचे फलित मानले जाते. खरे बोलण्याचे व्रत घेतलेल्या चोराची ही कथा आहे. १९८२ मध्ये एडिंबरा येथील फ्रिंज महोत्सवात या नाटकाला पुरस्कार मिळाला. ज्या देशातून आलेल्या शिस्तीचा त्याग केला, त्याच देशात ही दाद मिळाली, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे. वसाहतवादावर भाषण न करताही त्याच्या खुणा पुसता येतात, हे या नाटकाने दाखवले. त्यासाठी नटाची जीभ आणि पाय मोकळे करणे पुरेसे होते.

गनियारीची पंडवानी

भिलाईपासून काही किलोमीटर अंतरावरील गनियारी गावात १९५६ मध्ये तीजनबाई यांचा जन्म झाला. त्या पारधी समाजातील. आजोबा ब्रजलाल यांच्याकडून महाभारताच्या कथा ऐकत त्या वाढल्या. पंडवानी म्हणजे पांडवांच्या कथेचे गायन. तिच्या दोन शैली आहेत. वेदमती शैलीत कलावंत बसून, ग्रंथाला धरून कथा सांगतो. कापालिक शैलीत कलावंत उभा राहतो, अभिनय करतो आणि प्रसंग फुलवण्याचे स्वातंत्र्य घेतो. स्त्रियांनी बसूनच गावे, असा संकेत होता. तीजनबाईंनी तो मोडला आणि उभे राहून कापालिक शैलीत पंडवानी सादर केली.

या धाडसाची किंमत मोठी होती. बारा वर्षांच्या वयात लग्न झालेल्या तीजनबाईंना गाण्यामुळे समाजाने बहिष्कृत केले. वेगळी झोपडी बांधून, शेजाऱ्यांकडून भांडी आणि धान्य उसने घेऊन त्यांनी दिवस काढले. तेराव्या वर्षी त्यांनी चंद्रखुरी गावात पहिला जाहीर कार्यक्रम केला, तेव्हा दहा रुपये बिदागी मिळाली. पुढे हबीब तनवीर यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. १९८६ मध्ये त्यांना भिलाई पोलाद कारखान्यात नोकरी मिळाली. लहानपणी शाळेची संधी न मिळालेली ही स्त्री कारखान्याच्या हजेरीपटावर होती आणि त्याच काळात फ्रान्स, जर्मनी, तुर्कस्तान अशा देशांत कार्यक्रम करत होती. श्याम बेनेगल यांच्या 'भारत एक खोज' या दूरदर्शन मालिकेमुळे त्यांची पंडवानी देशभर पोहोचली. पद्मश्री, १९९५ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार, २००३ मध्ये पद्मभूषण, २०१८ मध्ये जपानचा फुकुओका पुरस्कार आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण असे सन्मान त्यांना मिळाले.

त्यांच्या हातातील मोरपिसे लावलेला तंबोरा कधी भीमाची गदा होतो, कधी अर्जुनाचे धनुष्य, तर कधी रथ. सोबतचा 'रागी' हुंकार देत, प्रश्न विचारत कथा पुढे नेतो. द्रौपदीचे वस्त्रहरण किंवा दुःशासनाचा वध हे प्रसंग सांगताना गायिकेचा आवाज आणि देहबोली क्षणात बदलते. महाभारतातील माणसांकडे चिकित्सक नजरेने पाहण्याची वाट मराठीत इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'ने दाखवली. तीजनबाईंनी तीच पात्रे स्वतःच्या देहात उतरवली. ज्या समाजाच्या नावाला कायद्याने गुन्हेगारीचा डाग लावला होता, त्या समाजातील स्त्री देशाच्या महाकाव्याची निवेदक झाली. 'नमुना' म्हणून पाहिल्या गेलेल्या माणसांपैकी एकीने सर्वांकडे उभे राहून पाहिले आणि कथा सांगितली, असे या बदलाचे वर्णन करता येईल.

कोंडागावातील हापसे

छत्तीसगडच्या दक्षिणेकडील बस्तर भाग पितळी ओतकामासाठी आणि लोखंडी शिल्पांसाठी प्रसिद्ध आहे. मेणाचा साचा वितळवून त्या जागी पितळ ओतण्याच्या घडवा पद्धतीतील काम कोंडागावचे जयदेव बघेल यांनी देशाबाहेर नेले. त्यांना मिळालेले राष्ट्रीय पारितोषिक मात्र कुशल कारागिरासाठीचे होते. ललित कला आणि हस्तकला यांची जुनी विभागणी स्वतंत्र भारतातही कायम असल्याचे त्यातून दिसते.

मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या चित्रकार-शिल्पकार नवज्योत अल्ताफ यांनी १९९७ पासून कोंडागावात काम सुरू केले. येथील कलावंतांना मदतनीस म्हणून न वापरता सहकलावंत मानायचे, अशी त्यांची भूमिका होती. राजकुमार कोर्राम, शांतीबाई आणि गेस्सूराम विश्वकर्मा यांच्यासह त्यांनी 'नलपार' हा उपक्रम हाती घेतला. गावातील सार्वजनिक हापशांभोवतीचा चिखल हटवून तेथे ओटे आणि भिंती बांधण्यात आल्या. घागर डोक्यावर घेताना बाईला फार वाकावे लागू नये, अशी टप्प्याटप्प्यांची रचना करण्यात आली. त्यावर स्थानिक चिन्हे आणि आकृती कोरल्या गेल्या. 'पिल्ला गुडी' या उपक्रमात मुलांसाठी एकत्र येण्याच्या जागा उभारण्यात आल्या.

हापशाची दुरुस्ती ही कला कशी, असा प्रश्न साहजिकच विचारला गेला. पाणी कोणी भरावे आणि कोणाच्या भांड्याला कोणी शिवावे, हे गावात जातीवरून ठरते. त्यामुळे पाणवठ्याची रचना करताना या प्रश्नांवर बोलणे अपरिहार्य होते. रचनेच्या बैठकांत विविध समाजांचे लोक एकत्र बसणे, हाच या कलाकृतीचा महत्त्वाचा भाग मानला जातो. नवज्योत यांच्या पुढील चित्रफितींमध्ये छत्तीसगडमधील खाणी, जमीन आणि विस्थापन हे विषय आले. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१८-१९ मध्ये त्यांच्या पाच दशकांच्या कामाचे प्रदर्शन भरले होते.

खैरागडहून कार्डिफपर्यंत

भिलाईच्या पश्चिमेला असलेल्या खैरागड येथील राजघराण्याने आपला राजवाडा दिल्याने १९५६ मध्ये इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झाले. या विद्यापीठात शिल्पकलेचे शिक्षण घेतलेल्यांमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती गावचे प्रभाकर पाचपुते यांचा समावेश आहे. १९८६ मध्ये जन्मलेल्या पाचपुते यांनी पुढील शिक्षण बडोद्यात घेतले. त्यांच्या कुटुंबातील तीन पिढ्यांनी कोळसा खाणीत काम केले आहे.

चंद्रपूरचा कोळसाही वसाहतकाळाशी जोडलेला आहे. वरोरा येथील सरकारी खाण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली आणि १९०६ मध्ये बंद पडली. रेल्वे आणि कोळसा यांनी या प्रदेशाचे रूप बदलले. सत्ता बदलली तरी जमीन संपादनाची पद्धत फारशी बदलली नाही. इंग्रजांचा १८९४ चा भूसंपादन कायदा २०१३ मध्ये नवा कायदा होईपर्यंत देशात लागू होता. पाचपुते यांची चित्रे बहुतांशी कोळशानेच काढलेली असतात. भिंतीवर थेट रेखाटलेल्या त्यांच्या आकृतींना अनेकदा डोके नसते. त्या जागी खाणीतील दिवा, अवजार किंवा यंत्राचा भाग असतो. राबणाऱ्या माणसाची ओळख त्याच्या कामापुरतीच उरते, हे या प्रतिमांतून कोणत्याही स्पष्टीकरणाशिवाय समजते.

२०२१ मध्ये वेल्समधील कार्डिफ येथील 'आर्टेस मुंडी' हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार निवड झालेल्या सहाही कलावंतांना विभागून देण्यात आला. त्यांत पाचपुते होते. वेल्स हा स्वतःच जुना कोळसा मुलूख आहे. तेथील खाण कामगारांच्या मोर्चांतील निशाणांचा संदर्भ पाचपुते यांनी आपल्या कामात घेतला. साम्राज्याच्या केंद्राजवळचा खाणकामगार आणि साम्राज्याच्या टोकावरचा खाणकामगार यांच्यातील नाते त्यातून पुढे आले.

याच सहा जणांत अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंत कॅरी मे वीम्स होत्या. १८५० मध्ये शास्त्रज्ञ लुई आगासी यांनी वंशभेदाचा सिद्धान्त मांडण्यासाठी दक्षिण कॅरोलायनातील गुलाम स्त्री-पुरुषांची विवस्त्र छायाचित्रे काढून घेतली होती. वीम्स यांनी नव्वदच्या दशकात ही छायाचित्रे लाल रंगात मोठी करून त्यांवरील काचेवर स्वतःचे शब्द कोरले. त्यामुळे 'नमुने' म्हणून टिपलेल्या चेहऱ्यांकडे पाहणाऱ्यालाच अपराधी वाटू लागते. भारतात पुष्पमाला एन. यांनी २००० ते २००४ या काळात क्लेअर अर्नी यांच्यासह केलेल्या छायाचित्रमालेत स्वतःच चौकटींच्या मोजपट्टीसमोर उभे राहून वसाहतकालीन मानववंशशास्त्रीय छायाचित्रणाची थट्टा केली. जबलपूरचे १८६६ चे प्रदर्शन आणि दक्षिण कॅरोलायनातील छायाचित्रे यांच्यात हजारो मैलांचे अंतर असले, तरी त्यांमागील विचार एकाच काळातला आहे.

कोणाचे नाव, कोणाचा मोबदला

या प्रवाहाविषयी काही गंभीर आक्षेपही आहेत. शहरातील प्रशिक्षित कलावंत आदिवासी कलावंतांबरोबर काम करतो, तेव्हा प्रदर्शनाची निमंत्रणे आणि समीक्षकांचे लक्ष बहुधा त्यालाच मिळते. समान भागीदारीचा हेतू असला, तरी कलाबाजार समान नसतो. दुसरे असे की, 'आदिवासी कला' या नावाला मागणी आल्यावर कलावंताने ठरावीक प्रतिमाच पुन्हा पुन्हा कराव्यात, अशी अपेक्षा निर्माण होते. त्यामुळे जुना शिक्का पुसण्याऐवजी तोच बाजारमूल्य म्हणून वापरला जातो.

परधान गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम यांची कहाणी या संदर्भात वारंवार आठवली जाते. भोपाळच्या भारत भवनाशी जोडलेले चित्रकार जे. स्वामिनाथन यांच्यामुळे ते प्रकाशात आले. १९८९ मध्ये पॅरिसमधील गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे जगातील नामवंतांबरोबर लागली. २००१ मध्ये जपानमधील मिथिला संग्रहालयात कामासाठी मुक्कामी असताना त्यांनी आत्महत्या केली. आदिवासी कलावंतांचे करार, मोबदला आणि परदेशातील कामाच्या अटी यांवर त्यानंतर देशातील कलाक्षेत्रात तीव्र चर्चा झाली.

सन्मान मिळाले म्हणजे प्रश्न सुटतो असे नाही, हे यावरून स्पष्ट होते. तरीही बदलाच्या काही ठोस खुणा आहेत. बस्तरच्या मूर्तीखाली घडवणाऱ्याचे नाव लिहिण्याचा आग्रह आता धरला जातो. परधान गोंड चित्रकारांची चित्रे त्यांच्या सहीने ओळखली जातात. पंडवानीत तीजनबाईंनंतर उभे राहून गाणाऱ्या स्त्रियांची पिढी तयार झाली आहे. खाणीच्या गावातला मुलगा खाणीविषयी जगाला सांगतो, तेव्हा त्याच्यासाठी दुसरा कोणी बोलत नाही.

नागपूरच्या नकाशावर दुर्गचा भाग गडद रंगवला गेला, कारण तेथील जमिनीत लोखंड होते. त्या जमिनीवर राहणाऱ्या माणसांची नोंद वेगळ्या वहीत, वेगळ्या शीर्षकाखाली झाली. भिलाई परिसरातील गायक, नट, शिल्पकार आणि चित्रकार यांनी या दोन नोंदी एकत्र वाचायला लावल्या आहेत. संग्रहालयातील वस्तूखालची चिठ्ठी वाचताना तिच्यावर कोणाचे नाव आहे आणि कोणाचे नाही, एवढे पाहण्याची सवय वाचक-प्रेक्षकांना लागली, तरी या कलावंतांच्या कामाचा मोठा भाग साध्य होईल.